दारावरची पाटी आणि आतली कपबशी

दिवाळी तोंडावर आली की पेठेतल्या दुकानांवर तोरणांच्या जोडीने ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’ ही अक्षरे झळकू लागतात; आणि अलीकडे तर जात, धर्म, लिंग वा अपंगत्व यांचा भेद आपली पेढी मानीत नाही, असा जाहीरनामा काढण्याची चाल मोठमोठ्या व्यापारी घराण्यांतही रूढ झाली आहे. ‘मासिक मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची जी परंपरा सुरू केली, तिचा, आणि अर्थातच आमच्या या दिवाळी अंकाचाही, संसार जाहिरातींवाचून चालत नाही. तेव्हा अशा जाहीरनाम्यांना नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

एके काळी पाट्या अधिक रोखठोक असत. रेल्वेच्या फलाटावर हिंदूंचे पाणी निराळे, मुसलमानांचे निराळे. खाणावळीच्या दारावर तर आत कोणत्या ज्ञातीची सोय आहे हे ठळक अक्षरांत लिहिलेले. अस्पृश्यांसाठी पाटी रंगविण्याची तसदीही कोणी घेत नसे. बाहेर खुंटीला अडकवलेली वेगळी कपबशी सारे सांगून जाई.

अशा त्या काळात, सुमारे शतकापूर्वी, कोल्हापूर दरबारच्या पागेत चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना, पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या अपराधाबद्दल बरोबरीच्या सवर्ण नोकरांनी बेदम मारले, आणि ती फिर्याद शाहू छत्रपतींच्या कानी गेली तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, परंतु गंगारामांनाही स्वतंत्र धंदा काढण्याची मसलत देऊन त्यासाठी साहाय्य केले. गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ, टापटीप होते. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांनी जी तजवीज केली तिच्यात ना हुकूम होता, ना फर्मान. फेरफटक्याला निघालेली आपली गाडी ते भर रस्त्यात त्या दुकानापुढे थांबवीत, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. छत्रपतींच्या समक्ष कप परत करण्याची छाती कोणाला होणार? (१९१९ साली अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी काढलेले हुकूम दप्तरात आहेतच, त्या कपाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात करण्याजोगी नव्हती, आणि तरीही कोल्हापूरला आज अधिक स्मरतो तो तो कपच.) १९२२ साली महाराज निवर्तल्यावर त्यांचे पहिले स्मारक नर्सरी बागेत उभे राहिले, ते गंगारामांच्या पुढाकाराने.

पुढे राज्यघटनेने दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांची दारे कोणालाही बंद ठेवता येणार नाहीत असे बजावले, १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेची जबाबदारी खाजगी आस्थापनांवरही टाकली. इतके झाल्यावर ‘आम्ही भेद करीत नाही’ असे पाटीवर लिहिणे म्हणजे आम्ही वजनात मारीत नाही असे लिहिण्यासारखेच झाले; त्यात भूषण ते कोणते? शेजारच्या मेजावर एखादी तृतीयपंथी व्यक्ती येऊन बसली म्हणून नेहमीचे, मातबर गिऱ्हाईक कुरकुरत उठू लागले, तर त्या क्षणी मालक कोणाची मनधरणी करतो; मोलकरणीने घासाघीस केली आणि बाईसाहेबांनी केली, तर विक्रेत्याचा स्वर दोन्ही वेळा सारखाच राहतो काय; ज्यांच्या स्वागताची अक्षरे दारावर आहेत त्यांच्यापैकी कोणी गल्ल्यावर बसतो, की सगळे झाडलोटीलाच आहेत, हे सारे गिऱ्हाईक न सांगता टिपत असते. जाहीरनाम्याला शाई लागते. मातबर गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवायला काय लागते, हे आमचे व्यापारी मित्र अधिक जाणतात.

आमचीही झडती होऊन जाऊ द्या. या अंकाच्या कचेरीला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत, आणि गेल्या दिवाळीत चाकांच्या खुर्चीतून आलेल्या एका जुन्या वर्गणीदारांना त्यांचा अंक आम्ही रस्त्यावर नेऊन दिला. त्यांनी आभार मानले. आम्हांस त्या वेळी आपण सौजन्य दाखविले असेच वाटले होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे हे उमगायला आम्हांला पावसाळा उजाडावा लागला. पायऱ्यांच्या कडेने आता उतार बांधून झाला आहे; त्या वर्गणीदारांनी यंदाचा अंक आत येऊन, आमच्यासमोर बसून, चहा घेऊन मगच न्यावा.