पापलेटाचा मान आणि तारलीचा अपमान

गेल्या माघात एका स्नेह्यांच्या घरी जेवणाचे निमंत्रण होते. यजमान मूळचे मालवणकडचे, घराणे तीन पिढ्यांचे सुशिक्षित. नव्या सुनेने हौसेने तारल्यांचे तिखले केले होते. ते पातेले बाहेर येण्यापूर्वीच सासूबाईंनी अडविले. ‘पाहुण्यांपुढे तारली? लोक काय म्हणतील?’ हे त्यांचे शब्द आम्हां पाहुण्यांस स्पष्ट ऐकू आले आणि आमच्या पानांत सुरमईच्या तुकड्या पडल्या. मी त्या वेळी तिखले मागून घ्यावयास हवे होते. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी लागून राहिली, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या मध्यमवर्गाने समुद्राची वाटणी कशी केली आहे पाहा. पापलेट, सुरमई, रावस, हलवा आणि कोळंबी एवढी मंडळी प्रतिष्ठित. बाकीचा दर्या जणू गडीमाणसांसाठी. त्यांतही गंमत अशी की, ‘काळे पापलेट’ म्हणून ज्या हलव्यास आपण पंगतीला बसवितो, तो पापलेटाच्या कुळातला मुळीच नव्हे. त्याचे गोत निराळे. म्हणजे येथे कुळशीलही पाहिले जात नाही. पाहिला जातो तो भाव. मासा महाग, म्हणून तो चांगला, आणि चांगला म्हणून महाग! ज्यांनी तर्कशास्त्राची पुस्तके वाचून पदव्या मिळविल्या, त्यांनी या चक्रात आयुष्यभर फिरत राहावे, हे नवल आहे.

शिंगाळ्याचेच उदाहरण घ्या. तो बुळबुळीत, मिशाळ, म्हणून आमच्या घरांत वर्ज्य. पण हीच मंडळी उपाहारगृहात ‘बासा’ नावाचे पांढरेशुभ्र, बिनकाट्याचे, आणि खरे सांगावयाचे तर बिनचवीचे तुकडे कौतुकाने खातात. हा बासा म्हणजे व्हिएतनामातील मेकाँग नदीकाठी तळ्यांत पोसून जगभर धाडला गेलेला, शिंगाळ्याचाच गोड्या पाण्यातला मिशाळ भाऊबंद! घरचा मिशाळ तो ओंगळ, आणि परदेशी मिशाळ तो सभ्य.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर मी वाद घातला नसता. पण दर्या आपल्या आवडीनिवडी विचारून जाळ्यात मासे घालीत नाही. मालवणकडे रापण ओढली की तारली, बांगडा, जे थव्याने आले असेल ते वाळूवर येते. वसई-सातपाटीकडे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यांत बोंबील, मांदेली, जवळा, आणि त्यांबरोबर पापलेटाची पिल्लेही सापडतात. आम्हांस हवे ते एक, दर्या देतो ते दहा. मग होते काय? पापलेटाचा भाव चढतो, चढलेल्या भावाच्या लोभाने बोटभर पापलेटही बाजारात येते, आणि यांत्रिक नौकांनी खरवडून आणलेली बरीचशी बारीक मासळी ‘टाकाऊ’ ठरून सुकविण्यास, दळण्यास जाते. त्या भुकटीवर कोंबड्या आणि तळ्यांतली कोळंबी पोसतात. ती कोळंबी आपण मोठ्या प्रतिष्ठेने खातो. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट धरण्यास मनाईही केली. मान आणि मनाई एकाच वर्षी! यावरून त्या बिचाऱ्याची अवस्था ओळखावी.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे मला मान्य केले पाहिजे. काटे काढणे, खवले खरवडणे, शंभर मांदेल्यांची डोकी मोडणे, हे काम घरातील स्त्रियांच्या वाट्यास येते, आणि व्याख्यान देणारे पुरुष पानावर बसून असतात. हा आक्षेप माझ्या पत्नीने माझ्यावरच घेतला. तिला उत्तर सुचेना, म्हणून मी विळीवर बसलो. पहिल्या दिवशी अर्ध्या किलो मांदेलीस पाऊण तास लागला आणि अंगठा कापला. आता वीस मिनिटे पुरतात. ज्या गृहस्थांना तारलीच्या काट्यांचा कंटाळा येतो, त्यांनी आधी विळीजवळ बसून पाहावे. मग कंटाळ्याचे बोलावे.

मात्र अलीकडे काही उत्साही मंडळी ‘दुर्लक्षित मासे खा’ म्हणून जो गजर करतात, त्यांच्याशीही माझे जमत नाही. दुर्लक्षित म्हणजे विपुल, असा त्यांचा समज दिसतो. शिंगाळ्याचा नर पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंडी तोंडात सांभाळतो. १९८० च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अशा अंडी धरलेल्या माशांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यांनी उचलले, आणि पुढे त्यांची पैदास खालावली. मुशीला पिल्ले थोडी, आणि ती वाढण्यास वर्षे लागतात. दक्षिण समुद्रातील ‘टूथफिश’ला १९७७ मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्याने ‘चिलीयन सी बास’ असे गोंडस नाव दिले. पुढे श्रीमंतांची त्यावर अशी झड पडली की तो मासाच धोक्यात आला. तेव्हा तारली, मांदेली, बांगडा यांची तरफदारी मी करतो, ती त्या लवकर वाढतात आणि विपुल वितात म्हणून. त्यांचेही प्रमाण वर्षागणिक कमीजास्त होते. ज्या वर्षी तारली रुसेल, त्या वर्षी दुसरे काही खावे.

आणि गरिबांच्या ताटातली तारली आम्ही महाग करून टाकू, ही भीतीही खोटी नाही. पण आज तिचा जो भाव पडतो, तो टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारीला पडतो, हेही विसरू नये. आमच्या दारी येणाऱ्या मासळीवालीला मी एकदा सवयीने विचारले, ‘पापलेट नाही का?’ ती टोपली न उतरविताच म्हणाली, ‘मास्तरांनू, दर्यात काय पापलेटाचीच शेती आसा?’

त्या स्नेह्यांस मी येत्या रविवारी सहकुटुंब जेवावयास बोलाविले आहे. सूनबाईंना तिखल्याचा मसाला विचारून ठेवला आहे. तारल्या मीच साफ करणार.