थप्पड आणि तिचे वकील

हँक पिम या नावाचा उल्लेख कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या कोणत्याही बैठकीत झाला, की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. पहिला विचारतो, ‘तो बायकोला मारणारा ना?’ दुसरा अधिक वाचलेला असतो. तो किंचित वैतागून सांगतो, की हे सारे एका चौकटीमुळे झाले, लेखकाच्या मनात तसे नव्हते, चित्रकाराची गफलत झाली. तिसरा पिमची जुनी कर्तबगारी मोजून दाखवतो. मग एवढ्याशा चौकटीपायी एका ज्येष्ठ नायकाचे वाटोळे झाले म्हणून सगळे मिळून हळहळतात. मीही अनेक वर्षे असाच हळहळत आलो. एकदा मात्र ‘एकदाच तर हात उचलला’ हे वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर समोर बसलेल्या मैत्रिणीने शांतपणे विचारले, ‘किती वेळा झाले म्हणजे मोजायला सुरुवात करायची?’ मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन जुने अंक पुन्हा वाचले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आला आहे आणि तो पिमच्या वकिलांविरुद्ध आहे. त्या वकिलांत काल-परवापर्यंत माझीही गणना होती.

आधी कथानकाचा इतिहास. जानेवारी १९६२ ही तारीख असलेल्या ‘टेल्स टू ॲस्टॉनिश’च्या २७ व्या अंकात स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांची एक छोटी विज्ञानकथा आली. एक शास्त्रज्ञ स्वतःला मुंगीएवढे करतो, वारुळात अडकतो, कसाबसा परततो आणि आपले द्रव्य ओतून टाकतो. कथा तिथे संपली होती. हा गृहस्थ नायक व्हावा असे तेव्हा कुणाच्याच मनात नव्हते. पण अंक खपला, सुपरहिरोंना मागणी आली आणि त्याच वर्षी ३५ व्या अंकात हँक पिम शिरस्त्राण चढवून ‘अँट-मॅन’ म्हणून परतला. १९६३ मध्ये ४४ व्या अंकात जॅनेट व्हॅन डाइन आली आणि ‘वास्प’ झाली. पिमला ती प्रथम लक्षात राहते ती आपल्या मृत पहिल्या पत्नीसारखी दिसते म्हणून. त्याच वर्षी ‘ॲव्हेंजर्स’ची स्थापना झाली, तेव्हा संस्थापकांत हे दोघेही होते.

शेजारी देव थॉर, राक्षसी ताकदीचा हल्क, पोलादी चिलखतातला टोनी स्टार्क. आणि त्यांच्यात मुंग्यांवर बसून फिरणारा माणूस. दोन-तीन महिन्यांत त्याला ‘जायंट-मॅन’ करून उंच करण्यात आले. १९६५ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका बंद पडली. १९६६ मध्ये तो ‘गोलायथ’ झाला, १९६८ मध्ये ‘यलोजॅकेट’. इतक्या वेळा नाव बदलणारा दुसरा संस्थापक त्या चमूत नाही. नावे बदलण्यामागे खपाचे गणित होते हे उघड आहे. पण नंतरच्या लेखकांनी त्या गणिताचेच मानसशास्त्र केले. ज्याला स्वतःचा आकार कधीच पुरेसा वाटत नाही असा माणूस, ही पिमची ओळख संपादकीय धरसोडीतून आपोआप तयार झाली. तिच्यात सत्यही होते.

आता वकिलांचा पहिला मुद्दा घेऊ: थप्पड अचानक आली, ती व्यक्तिरेखेशी विसंगत होती. १९६८ चे अंक काढून पाहावेत. रॉय थॉमस आणि जॉन ब्युसेमा यांच्या त्या कथांत पिम अल्ट्रॉन नावाचा यंत्रमानव घडवतो आणि हा पोरगा बापाच्याच जिवावर उठतो. पाठोपाठ ५९ व्या अंकात यलोजॅकेट नावाचा एक उद्दाम इसम अवतरतो, आपण पिमला ठार केल्याची फुशारकी मारतो आणि जॅनेटला बळजबरीने उचलून नेतो. तो पिमच असतो. रसायनांच्या अपघाताने त्याचे मन दुभंगलेले असते. जॅनेटला हे कळते, आणि त्याच अवस्थेत ती ६० व्या अंकात त्याच्याशी लग्न करते. शुद्धीवर असता तर त्याने मागणी कधी घातलीच नसती, असा त्यामागचा विचार. त्या काळी हा प्रसंग गमतीदार प्रणय म्हणून छापला गेला आणि तसाच वाचलाही गेला. जे लग्न नवऱ्याच्या भ्रमिष्टपणात आणि अपहरणातून जुळले, त्यात तेरा वर्षांनी हात उठला तर त्याला विसंगती कशी म्हणायची?

दुसरा मुद्दा अधिक बळकट दिसतो. नोव्हेंबर १९८१ च्या ‘ॲव्हेंजर्स’ २१३ चे लेखक जिम शूटर यांनी २०११ मध्ये स्वतः लिहिले, की संहितेत पिम वैतागून हात झटकतो आणि तो नकळत जॅनेटला लागतो, एवढेच अभिप्रेत होते. चित्रकार बॉब हॉल यांनी सरळ तडाखा रेखाटला आणि पुन्हा काढून घ्यायला वेळ नव्हता. हे स्पष्टीकरण शब्दशः खरे मानू. लेखकाच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण नाही. पण त्यातून काय सिद्ध होते?

कथेचा क्रम पाहा. आधीच्या अंकात एक शत्रू लढाई थांबवून शांत झालेली असताना पिम तिच्यावर पाठीमागून वार करतो. कॅप्टन अमेरिका त्याला चमूच्या चौकशीसमोर उभा करतो. लाज झाकण्यासाठी पिम एक यंत्रमानव बांधतो. सुनावणी चालू असताना तो यंत्रमानव सर्वांवर हल्ला करील, त्याचे मर्मस्थान फक्त पिमला ठाऊक असेल आणि पिम सगळ्यांना वाचवून पुन्हा नायक ठरेल, असा त्याचा बेत. जॅनेटला हे कळते, ती त्याला विनवते, आणि ती चौकट येते. ती चौकट कात्रीने कापून टाका. उरते काय? मित्रांच्या जिवाशी खेळणारा, पत्नीवर ओरडणारा, तिला धाकात ठेवून गप्प बसवू पाहणारा माणूस उरतो. पुढच्या पानांवर जॅनेटच्या डोळ्यावरचा काळा व्रण आहे. तो काही एका चौकटीतली गफलत नव्हे. त्याभोवती प्रसंग आहे, संवाद आहेत, आणि पुढच्याच अंकात घटस्फोटाचा निर्णय आहे. शूटर त्या वेळी मार्व्हलचे मुख्य संपादकही होते. चित्र चुकले असेल, पण कथा त्या चित्राच्या बाजूने उभी राहिली. आणि हात झटकताना लागला असता, तर जॅनेटने राहायला हवे होते का? ‘मुद्दाम मारले नाही, रागाच्या भरात लागले’ हे वाक्य कॉमिक्सच्या बाहेर कुणी आणि कुणासाठी उच्चारले आहे, हे वाचकांना सांगायची गरज नसावी.

तिसरा मुद्दा न्यायाचा. टोनी स्टार्कची दारू १९७९ च्या कथेत आली आणि तिची गणना अभिजात कथांत झाली. पीटर पार्करचा हात १९९५ मध्ये गरोदर मेरी जेनवर उठला आणि तो प्रसंग जवळजवळ विस्मरणात गेला. मग पिमनेच काय घोडे मारले? हा प्रश्न रास्त आहे, वकिलांचे उत्तर मात्र चुकीचे. दोघे सुटले म्हणून तिसऱ्यालाही सोडा, असा न्याय नसतो. पार्कर सुटला कारण त्याच्या खांद्यावर प्रकाशनसंस्थेचा संसार होता. पिमच्या खांद्यावर काहीच नव्हते, म्हणून त्याचा अपराध त्याला चिकटून राहिला. यातून पिमवरचा अन्याय दिसत नाही. लोकप्रिय नायकांची स्मृती किती सोयीने धुतली जाते एवढेच दिसते.

या सगळ्या वादात जॅनेट कुठे आहे? २१३ व्या अंकात त्या यंत्रमानवाला निकामी करते ती जॅनेट. व्रण घेऊन उभी असलेली बाई, आकाराने सर्वांत लहान, आणि ज्याने मारले त्याच्यासह सगळ्यांना वाचवते. घटस्फोटानंतर १९८२ मध्ये ती ॲव्हेंजर्सची अध्यक्ष होते आणि रॉजर स्टर्न यांच्या लेखणीखाली त्या दशकातली एक उत्तम नेता ठरते. ॲव्हेंजर्सच्या इतिहासात एखाद्या पात्राची इतकी खरी वाढ क्वचितच झाली असेल. पण ‘त्या थप्पडेचा वारसा’ म्हटले, की चर्चा होते ती फक्त त्याच्या बदनामीची. लेखकांनीही पुढे तिला त्याच्याकडे परत नेण्याचे प्रयत्न केले. २००८ मध्ये ती मेल्याचे दाखवले, तेव्हा तिच्या स्मरणार्थ पिमने ‘वास्प’ हे नावच घेतले. इतक्या नावांनंतर त्याला घ्यायला तिचेही नाव उरले होते! २०१२ मध्ये ती परतली हे बरे झाले.

पिमवर तुटून पडणारेही निर्दोष नाहीत. २००२ मध्ये ‘द अल्टिमेट्स’ या मालिकेत मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांनी तोच प्रसंग नव्याने रचला. आता पिम कीटकनाशक फवारतो आणि आकसलेल्या जॅनेटवर मुंग्या सोडतो. लोकांनी त्याला धाडस म्हटले. मला ती पळवाट वाटते. १९८१ ची कथा अस्वस्थ करते ती तिच्यातल्या सामान्यपणामुळे. अपयशाने कुढणारा, बुद्धिमान, एरवी सभ्य माणूस, बेडरूममधले भांडण, दुसऱ्या दिवशीचा डोळा. मुंग्यांची फौज आली की वाचक सुटतो, कारण आपल्या ओळखीतला कोणीही असे करीत नाही.

सिनेमाने तर सारा हिशेबच मिटवला. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये अल्ट्रॉनचे पितृत्व टोनी स्टार्क आणि ब्रूस बॅनर यांच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या ‘अँट-मॅन’मध्ये मायकेल डग्लसचा पिम एक तिरसट, दुःखी विधुर आहे आणि शिरस्त्राण स्कॉट लँगच्या डोक्यावर आहे. सुरुवातीच्याच प्रसंगात त्याचा हात उठतो, पण तो जॅनेटविषयी कुचके बोललेल्या अधिकाऱ्यावर. ज्या हाताची कुप्रसिद्धी पत्नीला मारण्याची, तोच हात इथे पत्नीच्या सन्मानासाठी उठतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. यात कटच असेल असे नाही. कौटुंबिक करमणुकीची ती गरज असेल. पण अल्ट्रॉन काढून घेतला की पिममध्ये काय शिल्लक राहते? कर्ट ब्युसिक यांनी १९९९ च्या कथेत स्पष्टच केले, की अल्ट्रॉनची बुद्धी पिमच्या स्वतःच्या मेंदूच्या आराखड्यावर बेतलेली आहे. १९७७ मध्ये याच अल्ट्रॉनने जॅनेटला पळवून तिचे मन एका यंत्रवधूत भरण्याचा घाट घातला होता. पिम जे बोलू शकत नाही ते त्याची यंत्रे करतात, हे कॉमिक्स चाळीस वर्षे सांगत आले. २०१५ मध्येच ‘रेज ऑफ अल्ट्रॉन’ या पुस्तकात दोघे एकाच देहात मिसळले. छापील पानावर बाप आणि लेक अक्षरशः एक झाले, त्याच वर्षी पडद्यावर त्यांची एकमेकांशी ओळखही उरली नाही.

मग पिमला सुटका नाहीच का? आहे, आणि ती केव्हाच लिहून झाली आहे. १९८३ मध्ये स्टर्न यांनी २२७ ते २३० या अंकांत पिमचा खटला रंगवला. ज्या गुन्ह्यात त्याला एगहेडने गोवले होते, त्यातून तो निर्दोष ठरतो. अंगावर पोशाख नसताना, केवळ बुद्धीच्या बळावर तो शत्रूंच्या टोळीला हरवतो. आणि मग? तो चमूत परतत नाही. जॅनेटला परत मागत नाही. तिचा निरोप घेऊन संशोधनाला निघून जातो. चार वर्षांनी स्टीव्ह एंगलहार्ट यांच्या कथेत तो आत्महत्येच्या टोकाशी पोचतो, फायरबर्ड त्याला थांबवते, आणि तो साध्या कपड्यांत, ‘डॉक्टर पिम’ या स्वतःच्या नावाने कामाला लागतो. या दोन्ही कथांत तो कुठेही म्हणत नाही की ते घडले नव्हते. म्हणून त्या टिकल्या आहेत.

पिमच्या चाहत्यांना माझे सांगणे एवढेच आहे. तुमचा नायक त्याच्या वकिलांपेक्षा मोठा आहे. त्याने आपला अपराध स्वीकारला. चित्रकार, मुद्रणाची घाई आणि काळाचा प्रवाह या सबबी तुम्ही पुढे केल्या. ती चौकट चुकून काढली गेली असेल, पण तिच्यामुळे सुपरहिरोंच्या जगाला एक गोष्ट प्रथमच नीट पाहावी लागली: जगाला वाचवणारा माणूस घरी कसा वागतो. ती चौकट पुसण्याचा खटाटोप थांबवू या. आणि पुढच्या बैठकीत पिमचा विषय निघालाच, तर कुणी तरी आधी जॅनेटविषयी बोलावे. मी बोलणार आहे.