निबंधाचे माप
अमेरिकेतील 'सॅट' या महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत २००५ साली २५ मिनिटांचा निबंध सक्तीचा झाला. दोन परीक्षक प्रत्येकी १ ते ६ गुण देत. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुने तपासले, तेव्हा निबंध जितका लांब तितके गुण अधिक, असे दिसले. तपशिलातील चुकांचे तर गुणच कापायचे नव्हते! समर्थक म्हणत, हजारो उत्तरपत्रिकांना एकच कसोटी हवी. हवीच, पण सफाईदार असत्य जिच्यात सुखरूप पार पडते, ती कसली कसोटी? २०२१ साली हा निबंध बहुतांशी बंद झाला.

आम्ही मात्र हसू नये. परीक्षेच्या तोंडावर गाइडमधील 'माझी आई' घोकणारी मुले आम्ही घरोघरी पाहतो. आई तिथेच, स्वयंपाकघरात असते.