जिजाईच्या बाजूने बघताना

पुरस्कार मिळालेला जुना चित्रपट पहिल्यांदा बघणारा प्रेक्षक बहुतेकदा आधीच हात जोडून बसलेला असतो. चित्रपट थोर आहे हे कानावर आलेलं असतं. मग कंटाळा आला तर तो गिळायचा आणि काही खटकलं तर दोष आपल्याच समजुतीचा मानायचा. ‘संत तुकाराम’च्या वाट्याला ही भक्ती दुपटीने येते. १९३६ सालचा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव, आणि त्यावर साक्षात तुकोबा! माझं म्हणणं असं की, हा आदर दाराबाहेर ठेवून आत जावं. कारण या चित्रपटातलं सगळ्यात जिवंत पात्र कुणापुढेही मान तुकवत नाही.

ते पात्र म्हणजे गौरीने साकारलेली जिजाई. घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलात बुडालेला. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि देवावरच पायताण उगारते. या दृश्यात याचना नाही. संसाराची अशी दशा का केलीस, याचा उघड जाब आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका सात्त्विक आहे की तो एकटा असता तर देवघरातल्या तसबिरीसारखा झाला असता. जिजाईच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे त्याच्या आजूबाजूला घर उभं राहतं. चूल, पोरं, गोठ्यातली म्हैस, उद्याची काळजी. शिवाजी महाराजांचा नजराणा तो नाकारतो, तेव्हा त्या वैराग्याची किंमत घरातलं कोण मोजतं, हे तिच्यामुळेच कळतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तिचं पटलं तर त्यात पाप काही नाही. चित्रपटानेच तिला तेवढी जागा दिली आहे.

यावर जाणकार म्हणतील, काळाचं भान नसलेला प्रेक्षक चमत्कारांना हसतो. हसतो, हे खरं. शत्रूला जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, शेवटी तुकोबांना न्यायला वैकुंठाचं विमान येतं, आणि आजच्या सरावलेल्या डोळ्याला त्यातले सांधे दिसतात. दिसू द्यावेत. त्या काळी हे कसं साधलं असेल याचं कुतूहल दुसऱ्यांदा बघताना आपसूक जागं होतं, पण त्या माहितीला प्रवेशाचं तिकीट करू नये. संथपणाची तक्रार मात्र मला मान्य नाही. इथे गाणी कथेला थांबवत नाहीत, ती माणसांच्या बोलण्याचाच भाग आहेत. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद तर तुकोबांच्या वळणावर इतकं चपखल उतरलं की अभ्यासकसुद्धा ते गाथेत शोधू लागले.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. कीर्तनांतून चालत आलेली कजाग बायकोच पडद्यावर आणली आहे, तिच्या संतापावर हशा वसूल केला आहे, आणि तिने पायताण उगारताच मुलगा बरा करून देवाची बाजू खरी ठरवली आहे, असं म्हणता येईल. हशा आहे, नाकारत नाही. पण मूल बरं झालं म्हणून जिजाईचा पिंड बदलत नाही. अखेरीस तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात, तेव्हा ती पोरांसाठी मागे राहते. तिला नमवायचं असतं, तर तिचं डोकं त्यांच्या पायावर टेकवून चित्रपट संपवणं सोपं होतं. तो मोह दिग्दर्शकांनी टाळला, आणि मला हा त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो.

व्हेनिसमधल्या गौरवाकडेही या बाजूने पाहावं. तिथल्या परीक्षकांनी काही लहानपणापासून अभंग ऐकलेले नव्हते, देहू आणि इंद्रायणी त्यांच्या मनात नव्हती. आपल्याकडे ज्या श्रद्धेशिवाय हा चित्रपट कळणार नाही असं नवख्या प्रेक्षकाला बजावलं जातं, ती श्रद्धा नसलेल्यांनीच त्याला पसंतीची पावती दिली होती.