मशीन फिक्स्ड की रँडम?

एक गोष्ट मला फार खटकते. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन जुन्यापेक्षा वेगवान आहे असं कुणी सांगितलं, की पुढच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत आकडा येतो: २०० रीडिंग्ज! आता हे २०० आले कुठून? दोन व्हर्जन्स, पाच मशिन्स, प्रत्येक जोडीचे २० रन्स. म्हणजे मशिन्स पाचच. रन्स हजार केलेत तरी पाचच.

अनोव्हा करताना व्हर्जन फिक्स्ड धरायचं यात वाद नाही, तुलना याच दोघांची आहे. भांडण आहे ते मशीनवरून. पुस्तकं म्हणतात, रँडमली निवडलेली असेल तर रँडम. अहो, पण चिठ्ठ्या टाकून मशिन्स निवडतं कोण? जी मोकळी असतात ती आपण घेतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: निष्कर्ष कुणाबद्दल काढायचाय? प्रॉडक्शनमध्ये हेच पाच सर्व्हर राहणार असतील तर खुशाल फिक्स्ड धरा. पण क्लायंटच्या न पाहिलेल्या मशीनवरही ते वेगानं पळेल असं म्हणायचं असेल, तर मशीन रँडम आणि मॉडेल मिक्स्ड.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. फिक्स्डमध्ये व्हर्जनमधल्या फरकाची तुलना होते एकाच मशीनवर रनगणिक होणाऱ्या चढउताराशी. डिग्रीज ऑफ फ्रीडम १९०, आणि ५ टक्के पातळीला एफ ३.८९ च्या वर गेला की काम झालं. मिक्स्डमध्ये तुलना होते व्हर्जन-मशीन इंटरॅक्शनशी, म्हणजे तो फरक मशीनगणिक किती बदलतो याच्याशी. तिथे डिग्रीज ऑफ फ्रीडम फक्त ४ आणि एफ हवा ७.७१ च्या वर! त्याच रीडिंग्जवर एक मॉडेल टाळ्या मिळवून देतं, दुसरं गप्प बसवतं.

यात नवं काही नाही बरं का. आयझेनहार्टने १९४७ मध्येच ही दोन मॉडेल्स वेगळी करून दाखवली. १९७३ मध्ये हर्बर्ट क्लार्कने मानसशास्त्रज्ञांचे कान उपटले, की मूठभर शब्दांवर प्रयोग करून अख्ख्या भाषेबद्दल काय बोलता! शब्दांच्या जागी मशिन्स घाला, आपलीच गोष्ट.

पाच मशिन्सवरून व्हेरिअन्सचा अंदाज कच्चा येतो, म्हणून फिक्स्डच बरं, असाही सल्ला मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. अंदाज कच्चा असेल तर दावा लहान करा. किंवा सरळ रन्स निम्मे करून मशिन्स दहा घ्या. रीडिंग्ज तेवढीच २००, पण इंटरॅक्शनला डिग्रीज ऑफ फ्रीडम ९ मिळतात आणि एफची अट ५.१२ वर येते.