सुईदोरा आणि प्रकाशाचा बाजार

प्रकाशाच्या नियमांवर अद्याप कोणा भांडवलदाराला मालकी सांगता आलेली नाही. परंतु त्या नियमांविषयीच्या अज्ञानावर व्यापार मात्र बिनबोभाट चालू आहे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर चढवावयाच्या टोप्या आणि डब्या यांची बाजारपेठ हे त्याचे लहानसे, पण बोलके उदाहरण होय.

फ्लॅशचे तोंड जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा जागेतून निघालेला प्रकाश थेट आदळला की कपाळ चकाकते आणि मागच्या भिंतीवर काळी, धारदार सावली उमटते. सावली मऊ होते ती प्रकाशाचा उगम मोठा झाल्याने किंवा जवळ आल्याने. कोणत्याही छापामुळे नव्हे. प्लॅस्टिकची टोपी हा उगम फारसा वाढवीत नाही. पांढरे छत जवळ असेल तर काम छत करते व श्रेय टोपी घेते. उघड्या पटांगणात तोच प्रकाश आकाशात वाया जातो.

याउलट शाळकरी हस्तकलेसाठी मिळणारा दोन मिलिमीटर जाडीचा पांढरा फोम, वीतभर इलॅस्टिक आणि सुईदोरा एवढ्या भांडवलावर काम भागते. वहीच्या पानाएवढा तुकडा कापून खालच्या कडेला इलॅस्टिकचा पट्टा शिवावा. टाके लांब घालावेत; जवळजवळ घातल्यास भोकांच्या रांगेवर फोम पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. फ्लॅशचे तोंड वर करून पट्टा त्याभोवती चढवावा आणि मागे उभा राहिलेला फोम किंचित पुढे झुकवावा. तोंड झाकू नये. उष्णतेने फोम खराब होतो. लग्नमंडपाचे तांबडे-पिवळे कापड आपला रंग चेहऱ्यांना फासते. फोमवरून पुढे जाणारा पांढरा प्रकाश तो दोष पुष्कळ कमी करतो.

घरी शिवलेली वस्तू गबाळी दिसते, हा पहिला आक्षेप. परंतु गिऱ्हाईक पैसे मोजते ते छायाचित्राचे, टोपीचे नव्हे. दुसरा आक्षेप डाव्या मंडळींचा : असल्या हस्तकौशल्याने उत्पादनसंबंध बदलत नाहीत. हे निर्विवाद आहे. फोमदेखील कारखान्यातूनच येतो, आणि आठ-दहा पावलांवरून तोही लहान ठरून सावली पुन्हा कडक होते. परंतु हप्त्याने कॅमेरा घेऊन लग्नसराईच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या तालुक्याच्या छायाचित्रकाराने क्रांतीची वाट पाहत निरुपयोगी टोप्या विकत घ्याव्यात, असे कोणते शास्त्र सांगते?

उपयोगमूल्य व विनिमयमूल्य यांतील भेद मार्क्सने १८६७ साली ‘कॅपिटल’च्या पहिल्याच प्रकरणात मांडला. अभ्यासवर्गांत तो पाठ केला जातो. दुकानाच्या काचेसमोर मात्र विसरला जातो. ज्याने तो फोम एकदा स्वतःच्या हाताने शिवला, त्याला पुढच्या वेळी किंमतपत्रिका पाहून वस्तूची योग्यता ठरविणे जड जाईल. शोषणाचा अंत त्याने होणार नाही. फसवणुकीला होकार देण्याची सवय तेवढी मोडेल. लढ्याला माणसे लागतात ती अशी सवय मोडलेलीच.