समुद्र फुकट, बाकीचे विकत

जुलै महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधील शाळांना सुमारे सहा आठवड्यांची सुटी लागते आणि तिच्या पाठोपाठ तेथील वृत्तपत्रांतून एका ठराविक प्रकारच्या याद्या झळकू लागतात. मुलांना कोठे न्यावे, काय दाखवावे, पाऊस आलाच तर दिवस कसा काढावा, याचे मार्गदर्शन करणाऱ्या या याद्या असतात. केंट परगण्याच्या ईशान्य टोकावर, लंडनपासून रेल्वेने सुमारे दीड तासाच्या अंतरावर वसलेले मार्गेट हे गाव अशा यादीतून सहसा सुटत नाही. वाळूचे किल्ले, खडकांमधील डबक्यांत खेकड्यांचा शोध, शिंपल्यांचे भुयार, चित्रसंग्रहालय, पाळणे, आइस्क्रीम. सारे एकापाठोपाठ एक, एकाच टायपात छापलेले. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने या सर्व गोष्टी एकाच जातीच्या आहेत. तीन मुलांना बरोबर घेऊन एक दिवस काढावयास निघालेल्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काही गोष्टींना पैसे पडतात आणि काहींना पडत नाहीत, एवढी साधी गोष्ट या याद्या क्वचितच ठळकपणे सांगतात. आणि सागरतीरावरचे एखादे गाव मुलांशी कसे वागते हे पाहावयाचे तर पाहणी तेथूनच सुरू करावयास हवी.

मार्गेटचे खरे वैभव त्याच्या वाळूत आहे. आगगाडीतून उतरून चार पावले चालले की उपसागराच्या कुशीत पसरलेली रुंद पुळण समोर दिसते. ओहोटीच्या वेळी पाणी दूरवर मागे सरते आणि ओल्या, घट्ट वाळूचे एक विस्तीर्ण अंगण मुलांच्या स्वाधीन होते. एक बादली आणि एक फावडे एवढ्या सामग्रीवर तेथे दिवस निघतो. किल्ला बांधावा, त्याभोवती खंदक खणावा, खंदकात पाणी आणून ओतावे आणि ते वाळूत जिरते कसे हे पुन्हा पुन्हा पाहावे. भरती येऊन किल्ला गिळू लागली की आरडाओरडा करावा. गावाच्या पूर्वेकडे खडूच्या दगडाचे पांढरे कडे लागतात. त्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या खडकांत ओहोटीनंतर पाणी साचून राहते आणि त्या डबक्यांतून खेकडे, शंखातले जीव, समुद्रफुले यांचा एक संसारच उघडा पडतो. जीवशास्त्राच्या शिक्षकाला वर्गात फळ्यावर आकृत्या काढून जे महिनाभरात साधत नाही ते येथे एका सकाळी साधते. अट एवढीच की दगड उचलला तर तो जसा होता तसा परत ठेवावा, खेकडा बादलीत घेतलाच तर थोड्या वेळाने पुन्हा पाण्यात सोडावा, आणि भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी. या शेवटच्या अटीत हयगय चालत नाही, कारण कडे आणि चढते पाणी यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला पळण्यास वाट नसते.

वॉलपोल बे येथील भरतीच्या पाण्याचा तलाव तर या गावाची विशेष देणगी म्हटला पाहिजे. 1937 मध्ये समुद्रातच भिंती घालून सुमारे चार एकरांचे पाणी अडविण्यात आले. भरती आली की तलाव समुद्रात बुडून जातो, ओहोटी झाली की पुन्हा वर येतो, आणि अशा रीतीने दिवसातून दोनदा त्याचे पाणी आपोआप बदलते. यंत्र नाही, तिकीट नाही, दरवाजाही नाही. 2014 मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. ज्या काळी जगभर मंदीचे सावट होते त्या दशकात एका लहान गावाने आपल्या आणि परक्या मुलांसाठी एवढा मोठा तलाव बांधावा आणि त्याला दार ठेवू नये, यामागची दृष्टी आजच्या हिशेबी काळात चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे.

पण ती दृष्टी एकाएकी आलेली नव्हती. समुद्रावर जाणे ही प्रथम श्रीमंतांची औषधयोजना होती, आणि ते औषध गरिबालाही मिळावे असे वाटणारी माणसे या गावाशी फार पूर्वी जोडली गेली. जॉन कोकली लेट्सम या डॉक्टराच्या पुढाकाराने 1791 मध्ये मार्गेट येथे समुद्रस्नानाच्या रुग्णालयाची स्थापना झाली. लंडनच्या कोंदट वस्त्यांतून गंडमाळेसारख्या क्षयजन्य विकारांनी ग्रासलेले गरीब रुग्ण येथे हवेसाठी आणि खाऱ्या पाण्यासाठी पाठविले जात. त्यांत मुलांचा भरणा मोठा असे. पुढे 1846 मध्ये रेल्वे आली. 1871 मध्ये जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला. हे लबक तेव्हा याच केंट परगण्यातील मेडस्टनचे प्रतिनिधी होते. 1938 मध्ये पगारी रजेचा कायदा आला. इंग्लंडमधील कामकरी कुटुंबाची सागरतीरावरची सुटी ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून कायद्याने, चळवळीने आणि नगरपालिकांच्या खर्चाने घडविलेली वस्तू आहे, हे विसरून चालत नाही. (हा कनवाळूपणा जनावरांपर्यंतही पोहोचला होता. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर मुलांना पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाढवांना 1942 च्या नियमांनी दुपारच्या जेवणाची तासाभराची सुटी आणि शुक्रवारची हक्काची रजा दिली. पुष्कळ कचेऱ्यांतील कारकुनांना त्यांचा हेवा वाटावा.)

मार्गेटचे ते रुग्णालय 1996 मध्ये बंद झाले. आज त्या इमारतीत धनिकांची निवासस्थाने आहेत. क्षयाची जुनी साथ ओसरल्यावर असे रुग्णालय चालविण्याचे कारण उरले नाही हे खरे. तरीही जी समुद्राभिमुख जागा दोनशे वर्षे गरीब रुग्णांसाठी राखलेली होती ती अखेर कोणाच्या वाट्याला गेली, याची नोंद घेतलीच पाहिजे.

आता विकतच्या गोष्टींकडे वळू. शिंपल्यांच्या भुयाराला पैसे पडतात, पण ते सत्कारणी लागतात असे म्हणण्यास हरकत नाही. 1835 मध्ये सापडलेल्या या भुयाराच्या भिंती सुमारे 46 लाख शिंपल्यांनी नक्षीदार मढविलेल्या आहेत, आणि ते कोणी, केव्हा, कशासाठी केले हे आजही कोणाला माहीत नाही. प्रत्येक गोष्टीखाली तिचा खुलासा लिहिलेला पाहून कंटाळलेल्या मुलाला असे एखादे निरुत्तर ठिकाण दाखविणे शिक्षणाच्या दृष्टीनेही हितकारकच आहे. समुद्रासमोरच्या रस्त्यावरील, नाणे टाकले की खणखणणाऱ्या यंत्रांच्या दुकानांविषयी मात्र असे काही म्हणवत नाही. पाच मिनिटांत मुलाचा खाऊचा पैसा गिळून बदल्यात त्याच्या हाती काही न देणारी ही यंत्रे 'कौटुंबिक करमणूक' या सदरात घुसली कशी, हेच एक कोडे आहे.

ड्रीमलँड या करमणूक उद्यानाची गोष्ट निराळी, आणि अधिक गुंतागुंतीची. तेथील लाकडी 'सीनिक रेल्वे' 1920 मध्ये सुरू झाली. गाडीबरोबर ब्रेक हाताळणारा माणूस स्वतः बसून जात असे, अशी ही जुन्या घडणीची उतरंड-गाडी. परदेशच्या स्वस्त सहलींनी इंग्रज सागरतीरांची गिऱ्हाइके पळविली तशी उद्यानाला अवकळा आली. 2002 मध्ये गाडीला संरक्षित वास्तू म्हणून मान्यता मिळाली, 2008 मध्ये आगीत तिचा काही भाग जळाला. गावातील लोकांनी उद्यान वाचविण्याची चळवळ चालविली, आणि दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर 2013 मध्ये थॅनेट जिल्हा कौन्सिलने ती जागा सक्तीच्या संपादनाने ताब्यात घेतली. 2015 मध्ये उद्यान पुन्हा उघडले. पुढच्याच वर्षी ते चालविणाऱ्या कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. कौन्सिलच्या या धाडसावर त्या वेळी टीका झाली, आणि आगगाड्या व पाळणे चालविणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे काय, हा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. तथापि, मोक्याच्या जागेवरचे शंभर वर्षांचे क्रीडांगण बांधकामाच्या घशात जाऊ न देण्याचा निर्णय योग्यच होता. चूक असलीच तर ती पुढची आहे. ज्या उद्यानावर सार्वजनिक पैसा खर्च झाला, त्याच्या पाळण्यांवर गावातील गरीब मुलाला वर्षातून निदान काही दिवस हक्काने बसता येईल, अशी अट ते दुसऱ्याकडे चालवावयास देताना घालणे कौन्सिलला शक्य होते. तशी अट ही त्या खर्चाची स्वाभाविक परतफेड ठरली असती.

2011 मध्ये उघडलेल्या टर्नर कंटेम्पररी या कलासंग्रहालयाने हे भान अधिक राखले आहे. चित्रकार टर्नर लहानपणी काही काळ मार्गेटच्या शाळेत होता आणि पुढेही तो या किनाऱ्यावर वारंवार येत राहिला. ज्या बाईच्या घरी तो उतरत असे त्या घराच्या जागीच वास्तुशिल्पी डेव्हिड चिपरफील्ड यांची ही इमारत उभी आहे. तिला प्रवेशमूल्य नाही. वाळूने माखलेल्या पायांनी मूल आत येते, एखाद्या चित्रासमोर दोन मिनिटे उभे राहते आणि पुन्हा समुद्राकडे पळते. तिकीट असते तर आईबापांनी त्याला 'पैसे दिले आहेत, सगळे नीट पाहा' असे दटावून तासभर आत डांबले असते आणि त्याच्या मनात चित्रकलेविषयी कायमची अढी बसली असती. इमारतीबाहेर, खडकावर, अँटनी गॉर्मली यांनी घडविलेली लोखंडी मनुष्याकृती 2017 मध्ये उभी करण्यात आली. भरतीत ती बुडून दिसेनाशी होते, ओहोटीत पुन्हा वर येते, आणि मुलांना हा खेळ संग्रहालयातील कोणत्याही चित्राहून अधिक आवडत असल्यास नवल नाही.

येथवर पाहुण्या मुलांचा विचार झाला. पण मार्गेटला स्वतःची मुले आहेत, आणि यादी करणाऱ्यांना त्यांची आठवण होत नाही. या गावातील काही वस्त्या साऱ्या इंग्लंडमधील अत्यंत वंचित वस्त्यांत मोडतात. सागरतीरावरील गावांच्या दुरवस्थेवर ब्रिटिश लॉर्ड्‌स सभेच्या समितीने 2019 मध्ये अहवाल दिला. 2021 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरील लोकांच्या आरोग्यासच वाहिला. हंगामी रोजगार, जुन्या वसतिगृहांचे पाडलेले कोंदट भाडेखण, डॉक्टर व शिक्षक यांची टंचाई, ही दुखणी एकात एक गुंतलेली आहेत. ज्या घरातील आई ऑगस्टमध्ये उपाहारगृहात दुहेरी पाळी करते आणि नोव्हेंबरमध्ये बेकार असते, त्या घरातील मुलाला पाळण्यांचे उद्यान जवळ असले काय आणि दूर असले काय, सारखेच. त्याचा समुद्र तेवढा त्याचा असतो. वाळू, खडक, तो बिनदाराचा तलाव आणि बिनतिकिटाचे संग्रहालय एवढीच गावाची अशी मालमत्ता आहे की जिच्यावर पाहुणा आणि गावकरी या दोघांच्या मुलांचा अधिकार सारखा चालतो.

पाहुण्यांपैकीही ज्यांची मिळकत बेताची आहे त्यांची कुचंबणा काही कमी नाही. सुटी लागताच खोल्यांचे भाडे चढते. आणि स्वस्ताईच्या दिवसांत, शाळा चालू असताना, मुलाला समुद्रावर न्यावे तर दंड भरावा लागतो. ऑगस्ट 2024 पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास 80 पौंड, आणि 21 दिवसांत न भरल्यास 160 पौंड, असा आहे. शाळेतील हजेरीचे महत्त्व शिक्षकांना सांगावयास नको. परंतु जे राज्य पालकाला सुटीच्या महागाईत ढकलते त्याने त्या सुटीतील फुकटच्या आनंदाची राखण तरी करावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

दुर्दैवाने नेमकी तेथेच हेळसांड झाली आहे. इंग्लंडमधील पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था 1989 मध्ये खासगी कंपन्यांकडे गेली. केंट, ससेक्स आणि हॅम्पशायर यांच्या किनारी पाण्यात 2010 ते 2015 या काळात हजारो वेळा बेकायदा मैलापाणी सोडल्याबद्दल सदर्न वॉटर या कंपनीला जुलै 2021 मध्ये कँटरबरीच्या न्यायालयाने 9 कोटी पौंड दंड केला. त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्गेटजवळील फोरनेस पॉइंटच्या पंपिंग स्टेशनवर वीज पडून बिघाड झाल्यानंतर, थॅनेटच्या किनाऱ्यांवर लोकांना पाण्यात उतरू नका असे सांगण्याची वेळ आली होती. वीज कोसळणे हा दैवी भाग खरा. पण पाच-सहा वर्षे चाललेल्या बेकायदा विसर्गाला दैव जबाबदार धरता येत नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा झाली; ज्या मुलांचा त्या वर्षांतील समुद्र गढूळ झाला त्यांच्या किनाऱ्याला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. ज्या कुटुंबाकडे पैसा आहे त्याला तशा दिवशी भुयार आहे, पाळणे आहेत, मोटारीतून दुसऱ्या गावीही जाता येते. बादली आणि फावडे घेऊन आलेल्या मुलाला काही नाही.

15 मे ते 30 सप्टेंबर या हंगामात इंग्लंडची पर्यावरण संस्था स्नानाच्या पाण्याची तपासणी करते आणि दरवर्षी प्रत्येक किनाऱ्याला उत्कृष्ट, चांगले, पुरेसे किंवा निकृष्ट यांपैकी एक शेरा देते. तो शेरा सर्वांना खुला आहे. उन्हाळी याद्या छापणाऱ्या संपादकांनी प्रत्येक किनाऱ्याच्या नावापुढे तो एक शब्द आणि प्रत्येक करमणुकीपुढे तिचे दर छापावेत; आइस्क्रीमच्या दुकानांची नावे जेथे मावतात तेथे एवढी जागा निघण्यास अडचण पडू नये.